माळ्यावरची बंदूक : जुनी शस्त्रे, परवाना आणि आपली आठवण

 या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांकडून जे प्रश्न येतात, त्यांतला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक घरात आहे, तिचं काय करावं? ठेवली तर गुन्हा होईल का? विकता येते का? पोलिसात दिली तर पुन्हा कधी दिसेल का? प्रश्न साधा दिसतो. पण तो धरून मागे मागे गेलं, की खानदेशाचा दोनशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो. म्हणून आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत.

कुणी म्हणेल, हा तर वकिलांचा विषय, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं? आमचं उत्तर असं, की वस्तू म्हणजे काय, ती कधी ‘ती’ राहते आणि कधी नुसतं लोखंड होते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. कायद्याला तो रोज सोडवावा लागतो, एवढंच.

आणि हे बोलायला भुसावळपेक्षा योग्य जागा कोणती? आपल्या गावात १९४९ पासून आयुध निर्माणी आहे. जवळच वरणगावला १९६४ पासून दुसरी आहे, तिथे रायफलीची आणि पिस्तुलाची काडतुसं तयार होतात. म्हणजे आपल्याकडची माणसं सकाळी डबा घेऊन काडतुसं करायला जातात, आणि संध्याकाळी घरी येऊन माळ्यावरच्या गंजलेल्या नळीला घाबरतात. हा विरोधाभास कुठून आला, ते बघू.

सुरुवात १८१८ पासून करू. त्या वर्षी फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरवर इंग्रजांची फौज आली. किल्ला पडला आणि किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. मे-जूनमध्ये मालेगावच्या भुईकोटात अरब शिपायांनी इंग्रजांना नेटाने झुंजवलं. या लोकांच्या हातात काय होतं? बहुतेक तोड्याच्या बंदुका. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, हळूहळू धुमसत राहणारी दोरी. चाप ओढला की तोडा खाली येतो, कानापाशी ठेवलेल्या दारूला लागतो आणि नळीतला बार उडतो. पुढे चकमकीच्या बंदुका आल्या, मग टोपीच्या. पण दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासायची, ही रीत तीच राहिली. म्हणून आपण या सगळ्यांना मिळून ‘ठासणीची बंदूक’ म्हणतो.

मराठी राज्य गेलं, तरी बंदुका काही एका दिवसात गेल्या नाहीत. पाटलाकडे होत्या, देशमुखाकडे होत्या, घाटाची राखण करणाऱ्या नाईकांकडे होत्या. सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्लांनी नव्या राज्याला सहजासहजी मान्यता दिली नाही. तेव्हा सरकारने एक युक्ती केली. १८२५ मध्ये जेम्स आउटरॅम याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्या हातांचं भय वाटत होतं, त्याच हातांत सरकारी बंदूक दिली आणि अंगावर गणवेश चढवला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बंदूक तीच, माणूस तोच. फरक एवढाच की आता बंदूक सरकारच्या परवानगीने हातात आहे. परवान्याची सगळी कल्पना या एका प्रसंगात बीजरूपाने दिसते.

मग १८५७ आलं. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आणि त्याच्याबरोबर भीमा नाईक उठले. मुंबई-आग्रा रस्त्यावर सरकारी खजिना लुटला गेला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीची मोठी लढाई झाली. घाट राखायला नेमलेला माणूसच उलटला, याचा धसका सरकारने घेतला. देशभर हेच चित्र होतं. १८५७ साली आणि १८६० साली शस्त्रांचे कायदे झाले, नि:शस्त्रीकरणाच्या मोहिमा झाल्या. त्यावर शेवटचा शिक्का मारला तो लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने.

या कायद्याची दोन वैशिष्ट्यं सांगतो. पहिलं असं, की कायद्याच्या मुख्य कलमांत गोरा-काळा हा भेद सरळ लिहिलेला नव्हता. सरकारला सूट देण्याचा अधिकार होता, आणि सुटीच्या यादीत युरोपीय लोक होते. म्हणजे भुसावळच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या गोऱ्या ड्रायव्हरला बंदुकीसाठी परवाना नको, आणि शेजारच्या गावच्या पाटलाला मात्र हवा! दुसरं वैशिष्ट्य आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही होता. भिल्लाच्या झोपडीत जी वस्तू पोटाची आणि अब्रूची, ती कायद्याच्या पुस्तकात तोफेच्या शेजारी जाऊन बसली.

त्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही केला होता. तो चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र ८४ वर्षं टिकला, १९६२ पर्यंत. लेखणी परत मिळाली, बंदुकीचा विश्वास परत मिळाला नाही.

लोकांनी हे मुकाट्याने घेतलं का? नाही. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्येच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. अहिंसेचं व्रत घेतलेले गांधीजीसुद्धा म्हणत, की एका अख्ख्या राष्ट्राची शस्त्रं काढून घेणं हे ब्रिटिश राज्याचं अत्यंत काळं कृत्य आहे. यात विसंगती नाही बरं का. शस्त्र न उचलणं हा निर्धार तेव्हाच निर्धार ठरतो, जेव्हा ते उचलता येत असतं. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वंशावरून मिळणारी सूट गेली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पाच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, तीच काँग्रेस आपल्या फैजपूरला आली. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन.

आता गंमत बघा. स्वातंत्र्य मिळालं, घटना समिती बसली आणि डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की कराचीत म्हटलेला शस्त्राचा हक्क घटनेत घाला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता, की ज्याला हवं त्याने बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विकत घ्यावं, असं झालं तर राज्य चालवणंच अशक्य होईल. दुरुस्ती नामंजूर झाली. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण ‘शांततेने आणि शस्त्रांशिवाय’. आंबेडकरांचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. ज्या समाजात दुबळ्याच्या दारात सबळाची टोळी केव्हाही उभी राहू शकते, तिथे बंदुका सगळ्यांना मोकळ्या करणं म्हणजे सबळालाच आणखी बळ देणं. पण नव्या बंदुकीबद्दलचा हा युक्तिवाद जुन्या बंदुकीला जसाच्या तसा लागू होतो का? आजचा खरा प्रश्न हा आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. धनुष्यबाण व्याख्येत नावाने उरला नाही. अग्निशस्त्र बाळगायचं तर परवाना हवाच, ही मूळ अट राहिली. पण जुन्या वस्तूंसाठी एक खिडकी ठेवली गेली. ४५ व्या कलमातल्या ‘क’ उपकलमाचा मथितार्थ असा, की जुनाट घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र जर दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगं नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही.

‘दुरुस्ती करूनही’ हे दोन शब्द नीट ऐका. सगळी मेख तिथे आहे.

इतर देश काय करतात, ते शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात कसोटी सालाची आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक म्हणजे पुरातन, विषय संपला. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या अग्निशस्त्रविषयक करारानेही १८९९ नंतर बनलेल्या बंदुकीला पुरातन म्हणायचं नाही, अशी मर्यादा घातली. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यात कसोटी हेतूची आहे. पुरातन बंदूक केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून ठेवली असेल, तर सूट. पुढे २०२१ मध्ये त्यांनी कोणत्या बंदुका पुरातन, हे नियमांनी बांधून घेतलं. आपली कसोटी मात्र क्षमतेची. अमेरिका विचारते, तुझं वय काय? इंग्लंड विचारतं, तुला कशासाठी ठेवलंय? भारत विचारतो, तू अजून उडू शकतेस का?

आमच्या विषयातलं एक उदाहरण देतो. सांख्यांचं म्हणणं, कार्य हे कारणात आधीच असतं. तिळात तेल आहे म्हणून घाण्यातून तेल निघतं, वाळू कितीही पिळा, निघणार नाही. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्याने उत्पन्न होतं. आपला शस्त्र कायदा या वादात सांख्यांच्या बाजूचा आहे! गंजलेल्या नळीत बार लपलेला असू शकतो, असं तो धरून चालतो. तुमची बंदूक तीळ की वाळू, एवढंच त्याला ठरवायचं असतं. आणि ठासणीच्या बंदुकीची अडचण अशी, की तिची रचना फार साधी. जाड लोखंडी नळी, एक कान, एक चाप. चांगला लोहार ती दुरुस्त करू शकतो. त्यामुळे दोनशे वर्षांची ठासणीची बंदूक सहज तीळ ठरते.

नियमांनाही हे ठाऊक होतं. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत चौथा वर्गच होता, ४५ व्या कलमातून न वगळलेल्या दुर्मीळ आणि ऐतिहासिक शस्त्रांचा. म्हणजे कायदा मान्य करत होता, की काही वस्तू ऐतिहासिक आहेत आणि तरीही परवान्याच्या कक्षेत आहेत. नवे नियम २०१६ मध्ये आले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने आणखी एक पाऊल टाकलं. ‘क्यूरिओ’ या वर्गात मोडणारं लहान शस्त्र मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना नको, पण ते वापरायचं, बरोबर न्यायचं किंवा वाहून न्यायचं असेल तर हवा. आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा विकायचा नाही. संग्राहकांसाठी ही मोठी सवलत. पण आपली वस्तू त्या वर्गात बसते, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. ते अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यायचं असतं.

याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, उलट दिशेचं पाऊल पडलं होतं. एका माणसाने जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रं ठेवायची, ही मर्यादा दोनवर आली. वारसाहक्काने आलेली असली तरी दोनच. तिसरं असेल तर एका वर्षात जमा करायचं. विनापरवाना बंदुकीची शिक्षाही वाढून किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली. परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षं झाली, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आता विक्रीकडे येऊ. धंदा म्हणून शस्त्रं विकायची तर विक्रेत्याचा स्वतंत्र परवाना लागतो. खासगी माणसाला स्वतःचं परवान्याचं शस्त्र दुसऱ्या पात्र माणसाला विकता येतं. पण जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. परवानाधारक वारला, तर वारसांनी उगाच वेळ न लावता शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक मोलाची असेल, तर तिला दुसरा कायदाही लागतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, सन १९७२, अंमल १९७६ पासून. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करायला त्या कायद्याखालचा परवाना हवा आणि खासगी माणसाने ती परदेशी पाठवणं हा गुन्हा. म्हणजे एकाच बंदुकीला दोन मालक. गृहखातं तिच्याकडे धोका म्हणून बघतं, पुरातत्त्व खातं ठेवा म्हणून. दोघांचे अर्ज वेगळे, कचेऱ्या वेगळ्या.

या दोन नजरांमध्ये काय हरवतं, ते एका उदाहरणाने सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याकडचे जी. डी. बापू लाड असे लोक त्यात होते. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम, प्रतिसरकारच्या कामासाठी. आता कल्पना करा, अशा लढ्यातलं एखादं पिस्तूल कुणाच्या घरात राहिलं आहे. ते बनून शंभर वर्षं झाली नसतील, तर पुरावस्तूच्या कायद्याने ती पुरावस्तू नाही. शस्त्र कायद्याच्या कसोटीने ते उडू शकतं, म्हणून सूट नाही. मूळचा परवाना असणं शक्यच नाही, कारण परवाना घेऊन कुणी बंड करत नाही! म्हणजे आपल्या खानदेशाच्या इतिहासातली अशी वस्तू कायद्याच्या लेखी फक्त बेकायदा पिस्तूल. अर्जात कॅलिबरला रकाना आहे, नळीच्या लांबीला आहे. ती कुणी, कशासाठी, कोणत्या रात्री हातात धरली होती, याला रकाना नाही.

मग घरातली माणसं काय करतात? तीन वाटा दिसतात. एक, गप्प बसणं. वस्तू माळ्यावर, विहिरीत किंवा शेतात. नाव सांगायचं नाही, म्हणून पुढच्या पिढीला गोष्टही सांगायची नाही. दुसरी, भंगारात देणं. तिसरी, चोरून विकणं. तिथे वस्तू वाचते, पण तिची गोष्ट पुसली जाते, कारण विकणाऱ्याला आपलं नाव नको असतं. इतिहासाच्या दृष्टीने तिन्ही वाटांचा शेवट एकच. नाव-गाव नसलेली बंदूक म्हणजे पितळ, लाकूड आणि लोखंड.

आम्ही इथे सरकारला झोडपायला उभे नाही. गावठी कट्ट्यांचा धंदा आपल्या सातपुड्याच्या दोन्ही अंगांना चालतो, हे पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ‘जुनी आहे हो’ म्हटलं की सोडून द्यायचं, असं केलं तर उद्या प्रत्येक कट्टा पणजोबांचा निघेल. क्षमतेची कसोटी मूर्खपणाची नाही. तिच्यामागे एखाद्याचा जीव वाचवण्याचा विचार आहे. आमची तक्रार एवढीच, की ती एकटी आहे. तिच्या जोडीला आठवणीची कसोटी हवी. नळी कायमची बंद करून, कान वेल्डिंगने बुजवून वस्तू निरुपद्रवी करता येते. पण ज्या चापावर आणि कानावर कारागिराचा हात दिसतो, तेच आपण वितळवून टाकतो. त्याऐवजी प्रत्येक जिल्ह्यात वारशाच्या शस्त्रांची एक नोंदवही असावी. जो माणूस आपणहून वस्तू घेऊन येईल, त्याच्यावर आल्याआल्या गुन्हा नोंदवू नये. शस्त्राचा जाणकार आणि इतिहासाचा जाणकार अशा दोघांनी मिळून ती तपासावी. धोका असेल तर ती संग्रहालयात जावी, पण देणाऱ्याचं नाव आणि त्याने सांगितलेली हकीकत तिच्याबरोबर जावी. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. जागा नाही असं नाही.

तोवर आपण काय करावं? चार गोष्टी सांगतो, लिहून घ्या. पहिली, जुनी बंदूक कधीही उडवून पाहू नका आणि नळी विस्तवाजवळ नेऊ नका. कोरडी राहिलेली काळी दारू कैक वर्षांनीही पेट घेते, आणि पणजोबांनी शेवटचा बार ठासून ठेवला होता की काय, हे तुम्हाला माहीत नाही. दुसरी, घरातले कागद शोधा. जुना परवाना, सनद, वाटणीपत्र, बंदुकीसह काढलेला फोटो. बंदुकीपेक्षा हे कागद जपा, कारण तुमची मालकी आणि तिचं वय तेच सांगतील. तिसरी, वस्तू हलवण्याआधी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा आमच्या शब्दावर विसंबू नका, उत्तर कागदावर घ्या. चौथी, घरात जे म्हातारं माणूस आहे, त्याच्याकडून त्या वस्तूची हकीकत आजच लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्या. बंदूक उद्या घरात राहील की नाही, हे कायदा ठरवेल. हकीकत राहील की नाही, हे आपण ठरवायचं.

दरवर्षी खंडेनवमीला आपण शस्त्रं पूजतो. कुणाकडे तलवार, कुणाकडे नांगराचा फाळ, कारखान्यातल्या माणसाकडे पाना आणि स्पॅनर. पूजा होते, हळदकुंकू वाहतो आणि वस्तू परत जागेवर जाते. येत्या नवमीला पूजेआधी पाच मिनिटं काढा, घरातल्या मुलांना त्या वस्तूचं मूळ सांगा. खाज्या नाईकाच्या साथीदारांपैकी कितीकांच्या वंशजांना आज असं काही सांगता येईल, याचा विचार केला तर मन खिन्न होतं. त्यांची धनुष्यं आणि बंदुका ज्यांनी घेतल्या, त्यांनी यादी केली असेल ती नगांची. माणसांच्या गोष्टींची यादी करायचं काम आपल्यावर आहे.

आमचं बोलणं इथे थांबवतो. कुणाकडे जुने परवाने किंवा सनदा असतील, तर त्यांची छायाचित्रं पुढच्या व्याख्यानाला जरूर आणा. वस्तू मात्र आणू नका, वाहून न्यायला परवाना लागतो!